स्पीकरमधली चरचर

“माझ्या लॅपटॉपला कोणी हात लावला होता?”

मी दुकानाच्या उंबऱ्यात उभी राहून विचारलं. मामांनी मान वर केली नाही. पायमशीनची खडखड तशीच चालू राहिली. एका बाहीची शिवण संपली, त्यांनी दोरा तोडला आणि मग म्हणाले, “गिऱ्हाईक बसलंय. घरातलं घरात.”

“घरातलंच विचारतेय. कोणी हात लावला?”

“त्या डबड्याला कोण हात लावतंय.”

मामा म्हणजे माझे सासरे. फलटणला बाजारपेठेत त्यांचं शिलाईचं दुकान होतं. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मागे स्वयंपाकघर, त्याला लागून आमची खोली, आणि मध्ये प्लायवूडची एक भिंत, जिच्यातून मामांचा खोकलासुद्धा आरपार यायचा. दुकानाच्या कोपऱ्यात खिडकीखाली आत्या, म्हणजे सासूबाई, मांडीवर शर्ट घेऊन काज-बटण करत बसायच्या. लग्न होऊन आल्यापासून त्या त्याच कोपऱ्यात बसत होत्या आणि आता तो कोपरा माझ्यासाठी राखून ठेवला होता.

तसं ठरलंच होतं. मी लग्नानंतर दोन वर्षं नोकरी शोधत होते. शेवटी मामांनी जेवताना सांगून टाकलं होतं, “दिवाळीपर्यंत काय शोधायचं ते शोध. मग काज-बटण तुझ्याकडं. तुझ्या सासूला आता दिसत न्हाई.”

आणि त्यावर आत्या म्हणाल्या होत्या, “ती कशाला बसतीय इथं. सकाळी सुया ओवून दे म्हटलं तर तोंड वाकडं करती.”

तोंड मी वाकडं करत होते हे खरं. पण रोज सकाळी सुयांची एक रांग ओवून त्यांच्या गादीला टोचून ठेवत होते हेही खरं. ते कोणी बोलून दाखवत नसे.

त्या दिवशी दुपारी माझी परीक्षा होती. पुण्यातल्या एका कंपनीचं घरी बसून करायचं काम होतं. लोकांनी फोनवर केलेल्या तक्रारींची रेकॉर्डिंग ऐकायची आणि शब्दन् शब्द टाइप करायचा. परीक्षाही तशीच, ऐकून टाइप करण्याची. कॅमेरा चालू ठेवायचा, नजर स्क्रीनवरून हलवायची नाही, खोलीत दुसरं कोणी नको, बाहेरचा आवाज नको, आणि कानात काहीही घालायचं नाही. लॅपटॉपला काही जोडायचंही नाही. त्याच लॅपटॉपवरून आधी नोंदणी केलेली, त्यामुळे दुसऱ्या कोणाचा आणून बसणंही शक्य नव्हतं.

दसऱ्यासाठी मी माहेरी साताऱ्याला गेले होते. जाताना लॅपटॉप कपाटात साड्यांखाली ठेवला होता. आदल्या संध्याकाळी परत आले आणि सकाळी सरावाचं एक रेकॉर्डिंग लावलं, तर त्यातला माणूस बोलण्याऐवजी नुसता तडतडत होता. चर्र, फट, फट. कढईत लाह्या फुटाव्यात तसं. मधूनच “सिलिंडर” असा एक शब्द बाहेर आला आणि पुन्हा लाह्या.

शैलेशने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, डेअरीत जायच्या आधी सगळे उपाय करून पाहिले. आवाज कमी केला तर चरचर, वाढवला तर फटफट. त्याने लॅपटॉप बंद करून चालू केला. आवाजाचं ड्रायव्हर काढून पुन्हा टाकलं. आवाज सुधारण्यासाठी म्हणून जी काही सेटिंग असतात ती सगळी बंद केली. मग त्याने स्वतःचे इअरफोन लावले आणि माझ्या कानात घातले. सिलिंडरवाला माणूस स्वच्छ बोलत होता.

“म्हणजे आतून आवाज नीट येतोय,” शैलेश म्हणाला. “स्पीकर गेलेत.”

“दोन्ही?”

“दोन्ही.”

“एकाच वेळी दोन्ही कसे जातील? मी गेले तेव्हा नीट होते. कोणीतरी काहीतरी केलंय.”

“अगं, बाबा कशाला करतील असं?”

“मी कुठे बाबांचं नाव घेतलं?”

त्याने डबा उचलला आणि तो निघाला. भांडण पेटायच्या आत घराबाहेर पडण्यात त्याचा हात कोणी धरू शकत नव्हतं. स्टँडजवळच्या रिपेअरवाल्याला फोन केला, तर तो म्हणाला, “दसऱ्यासाठी गावी आलोय ताई, सोमवारी बघू.”

म्हणून मी दुकानाच्या उंबऱ्यात येऊन उभी होते. आत खुर्चीवर नाळे गुरुजी बसले होते, झब्ब्याचं माप द्यायला आलेले. ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे फार लक्ष देऊन बघत होते.

“मामा, मला बारीक स्क्रूड्रायव्हर हवाय. मशीनच्या खणात असतो तो.”

“माझं हत्यार दुकानाबाहेर जात न्हाई.”

“आज तीन वाजता परीक्षा आहे माझी.”

“मग अभ्यास कर. स्क्रूड्रायव्हर कशाला पायजे?”

नाळे गुरुजींना हसू आलं आणि त्यांनी ते खोकल्यात घातलं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. या माणसाने मला पहिल्या दिवसापासून याच सुरात वागवलं होतं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी नवी नवरी म्हणून दुकान बघायला उंबऱ्यापर्यंत आले, तर स्वागत काय झालं? “हाताला कुंकू हाय. धुऊन ये, मग पाय टाक.” मेंदी भरलेल्या हातांनी मी न्हाणीत जाऊन हात धुतले होते आणि तेव्हापासून त्या खोलीत कामाशिवाय गेले नव्हते.

“तुम्हाला मला इथे बसवायचंय ना,” मी कोपऱ्याकडे बोट दाखवून म्हटलं, “मग तसं सरळ सांगा. लॅपटॉप कशाला मोडलात?”

मशीन थांबली. मामांनी चष्मा काढला.

“काय म्हणालीस?”

“ऐकू आलं तुम्हाला.”

ते काही बोलायच्या आत आत्या उठल्या. मशीनजवळ आल्या, खण ओढला, आतला बोटभर स्क्रूड्रायव्हर काढला आणि माझ्या हातावर आपटला. “घे. आन् फोड एकदा ते डबडं. सकाळपासून डोकं उठवलंय.”

मी खोलीत आले, पलंगावर चादर पसरली आणि लॅपटॉप पालथा घातला. असली गोष्ट मी आयुष्यात कधी उघडली नव्हती. स्क्रूड्रायव्हर बॉबिनच्या डबीचा, चपट्या तोंडाचा, स्क्रू फुलीचे. तरी जोर लावून एकेक फिरवला. लॅपटॉप जुना, शैलेशच्या मित्राकडून घेतलेला. कीबोर्डच्या वर दोन्ही बाजूंना स्पीकरची जाळी होती आणि तिच्या फटी चांगल्या रुंद होत्या. लॅपटॉप सुलटा करून ती पट्टी नखाने उचकटली आणि मी बघतच राहिले.

दोन्ही स्पीकरच्या काळ्या पडद्यांवर लाल रंग वाळून बसला होता. त्यात तांदळाच्या कण्या चिकटलेल्या. काही मोकळ्या होत्या, बोट लावताच टपटप उडाल्या. अक्षता होत्या त्या. ओल्या कुंकवात कालवलेल्या अक्षता. अक्षता अखंड असाव्यात म्हणतात, पण आमच्या घरच्या रेशनच्या तांदळात अर्धी कणीच असायची, आणि ती नेमकी त्या फटींतून आत गेली होती.

माहेरी गेले त्या दिवशी खंडेनवमी होती. दुकानात हत्यारांची पूजा मांडतात तो दिवस. मी कण्या तळहातावर घेतल्या आणि परत दुकानात गेले.

“हे काय आहे?”

मामांनी वाकून पाहिलं. “तांदूळ.”

“अक्षता आहेत. माझ्या स्पीकरमधून काढल्या. एरवी डबडं म्हणायचं आणि मी माहेरी गेले की त्यात अक्षता ओतायच्या. चांगली पूजा घातलीत माझ्या नोकरीची.”

“तोंड सांभाळून बोल.”

“का सांभाळू? दुसरं कोण मांडतं या घरात पूजा?”

मामा स्टुलावरून उठले. माझ्या हाताजवळ आले, पण हाताला हात न लावता एक पाऊल मागे सरकले.

“गुरुजी, सांगा हिला. ह्या दुकानात कुंकू येतं का?”

नाळे गुरुजींना भांडणात पडायचं नव्हतं, पण विचारल्यावर उत्तर देणं त्यांच्या हाडात होतं. “नाही येत,” ते मामांकडे बोट करून म्हणाले. “ह्या वसंतरावांच्या वडिलांच्या वेळची गोष्ट. खंडेनवमीला कुंकू सांडलं ते माझ्याच चुलत्यांच्या लग्नाच्या धोतरावर. डाग गेला नाही. तेव्हापासून बंद.”

“मी पूजा करतो ती कोरड्या पांढऱ्या तांदळानं,” मामा म्हणाले. “आन् झेंडूच्या फुलानं. मशीन, मोठी कात्री, इस्त्री, टेप. संपलं. ह्या लाल अक्षता माझ्या न्हाईत.”

मला माझे धुतलेले मेंदीचे हात आठवले. मग आम्ही तिघांनीही एकाच वेळी कोपऱ्याकडे पाहिलं.

आत्यांची सुई शर्टाच्या काजात अर्धी अडकून राहिली होती.

“मी केली पूजा,” त्या म्हणाल्या.

“तू?” मामा म्हणाले. “तुला कोणी सांगितलं होतं?”

आत्यांनी सुई ओढून घेतली.

“उघडून?” मी विचारलं. “लॅपटॉप उघडून ओल्या अक्षता टाकल्या तुम्ही?”

“झाकणाची कसली पूजा करायची? उघडला.”

“आणि सकाळपासून मी तुमच्यासमोर इथे ओरडतेय, तेव्हा बोलला नाहीत?”

माझा राग आता मामांवरून निघाला आणि दुप्पट होऊन त्यांच्यावर गेला. त्यांना दिसत नव्हतं, सुया ओवायला कोणीतरी हवं होतं, कोपऱ्यातली गादी कोणाच्या तरी गळ्यात घालायची होती. सगळं जुळत होतं. मी म्हटलं, “आत्या, मला नोकरी लागू द्यायची नव्हती तर तोंडाने सांगायचं होतं. देवाला मध्ये कशाला घातलंत?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता काही बोलतील. पण त्या गुरुजींच्या झब्ब्याचं कापड बाजूला सारून उठल्या, मशीनच्या खणातला धागे झाडायचा बारीक ब्रश काढला आणि माझ्यापुढे धरला. “बोलत बसू नको. जा, साफ कर.”

मी ब्रश ओढून घेतला आणि निघाले. त्या मागोमाग आल्या आणि खोलीच्या दारात उभ्या राहिल्या. मोकळ्या कण्या ब्रशने झाडून चिकटलेल्या मी सुईने उकरत होते. स्पीकरचा पडदा इतका पातळ होता की सुईचं टोक लागताच दबत होता.

“सुई उभी धरू नको. फाटंल,” त्या म्हणाल्या. “आडवी सरकव.”

“मला शिकवू नका.”

पण मी सुई आडवी केली. एकेक कणी सुटून आली. वाळलेलं कुंकू कापसाच्या बोळ्याने जरा जरा ओलं करून टिपलं. सगळं निघालं नाही. पडद्याच्या कडेला लाल रेघ राहिलीच. तेवढ्या वेळात आत्या तिथून हलल्या नाहीत आणि मीही त्यांना बसा म्हटलं नाही. पट्टी दाबून बसवली, स्क्रू पिळले, दोन उरले ते तसेच खिशात टाकले. रेकॉर्डिंग लावलं.

सिलिंडरवाला माणूस स्वच्छ बोलला. तो त्याच्या गॅसबद्दल कुणाला तरी शिव्या घालत होता, आणि मला त्यातली शिवी न् शिवी नीट ऐकू आली. आत्या वळून निघून गेल्या.

तीन वाजायला आले तेव्हा मी कॅमेऱ्यासमोर बसले होते. स्क्रीनवर माझाच चेहरा आणि खाली सूचना, की आता नजर हलवू नये आणि खोलीत शांतता असावी. आणि प्लायवूडपलीकडे मामांची मशीन खडखडत होती. दिवाळीचे कपडे डोक्यावर होते. जेवताना मी त्यांना एक तासभर मशीन बंद ठेवायला सांगितलं होतं. सांगितलं म्हणजे बजावलं होतं. ते म्हणाले होते, “ज्याला घर चालवायचं असतं त्याची मशीन बंद राहत न्हाई.” सकाळी चारचौघांत झालेला अपमान ते विसरले नव्हते, आणि मीही विसरू दिला नव्हता.

त्या खडखडाटात परीक्षा सुरू झाली असती तर पहिल्याच मिनिटाला बंद पडली असती. उठून जाणं शक्य नव्हतं. कॅमेरा चालू झाला होता. मी दात आवळून स्क्रीनकडे बघत राहिले.

मशीन अचानक थांबली.

“मशीनचा पट्टा कशाला काढलास?” मामांचा आवाज भिंतीतून आला.

“बसा जरा गप.” या आत्या होत्या.

“पट्टा दे इकडं. गुरुजींचा झब्बा संध्याकाळी द्यायचाय.”

“तिचं झाल्यावर देती.”

“सकाळी तुझ्या नवऱ्याला काय काय बोलली ती, ऐकलंस न्हवं?”

“ऐकलं. मला पण बोलली.”

“मग कुणाची बाजू घेतीस?”

माझ्या स्क्रीनवर आकडे उलटे पळत होते.

“तुमची मोठी कात्री दरसाल पूजेला असती,” आत्या म्हणाल्या. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. “इस्त्री असती. टेप असती. माझी काजाची कात्री एकदा तरी मांडली का तुम्ही? एवढ्या वर्षांत एकदा?”

“ती काय हत्यार हाय व्हय? एवढीशी तर हाय.”

“हां. म्हणून मीच मांडली औंदा. आत, गुपचूप. आन् शेजारी तिचं मांडलं. दोघींचं मिळून.”

“अन् घालवलंस की मग तिचं.”

“चुकलं माझं. उघडं ठेवायचं नव्हतं, मला काय ठावं.” मग त्या म्हणाल्या, “माझे डोळे ह्या काजांत गेले. तिचे न्हाई जाऊ द्यायची मी. ती इथं बसणार न्हाई. पट्टा पायजे तर माझ्या हातातनं वढून घ्या.”

मला रडू फुटत होतं आणि नजर हलवायची नव्हती. डोळे पुसायला हात वर केला असता तरी कॅमेऱ्याने काय समजलं असतं कोण जाणे. मी तशीच बसले. मामांनी पट्टा ओढून घेतला नाही. भिंतीपलीकडे स्टूल सरकल्याचा आवाज झाला आणि मग पायरीवर चपला वाजल्या. ते बाहेर ओट्यावर जाऊन बसले असावेत. स्क्रीनवरचे आकडे संपले.

पहिलं रेकॉर्डिंग एका बाईचं होतं. तिच्या दारात कोणी तरी गाडी लावत होतं आणि ती फार चिडलेली होती. तिचा शब्दन् शब्द त्या लाल रेघांवरून माझ्यापर्यंत आला आणि मी टाइप करत गेले. गाल ओले होते, हात चालत होते. संपूर्ण तासात घरातून चकार शब्द आला नाही.

बाहेर आले तेव्हा आत्या कोपऱ्यात बसल्या होत्या. मशीनचा चामडी पट्टा वेटोळं करून मांडीवर ठेवलेला आणि त्यावर दोन्ही हात. शेजारी गादीला त्यांची काजाची कात्री अडकवली होती. बोटाएवढीच असेल. मी वाकून पाहिलं. तिच्या पात्यांच्या जोडाशी, खिळ्याच्या भोवती, कुंकू वाळून बसलं होतं.

“झालं?” त्यांनी विचारलं.

“झालं.”

“नीट ऐकू आलं का सगळं?”

“सगळं ऐकू आलं,” मी म्हटलं.

त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मान दुसरीकडे फिरवली. “मग उभी काय ऱ्हायलीस? हा पट्टा देऊन ये त्यांना.”

मी ओट्यावर जाऊन पट्टा मामांपुढे धरला. त्यांनी तो घेतला. सकाळच्या बोलण्याबद्दल ना मी माफी मागितली, ना त्यांनी मागावी असं मला वाटलं. आत जाऊन त्यांनी पट्टा चाकावर चढवला आणि पुन्हा खडखड सुरू झाली.

नोकरी मिळाली. दिवाळीनंतर मामांनी काज करायचं काम बाहेर एका मशीनवाल्याकडे द्यायला सुरुवात केली, रोज त्याला शिव्या घालत. आत्यांकडे फक्त बटणं राहिली. सुया मी अजूनही ओवून ठेवत होते. आमचं तिघांचं बोलणं काही गोड झालं नाही. मामा लॅपटॉपला डबडंच म्हणत आणि मी परीक्षेचा विषय निघाला की मुद्दाम मोठ्याने दार लावत असे.

पुढच्या खंडेनवमीला मी माहेरी गेले नाही. मामांनी सकाळी दुकान झाडलं, पाटावर मोठी कात्री, इस्त्री, टेप मांडली, मशीनला झेंडूचा हार घातला. कोरडे पांढरे तांदूळ वाटीत काढले. भोवती फळ्यांवर गिऱ्हाइकांचे दिवाळीचे कपडे रचलेले होते, त्यात पांढरेच जास्त.

आतून आत्या आल्या. एका हातात काजाची कात्री, दुसऱ्या हातात वाटी, आणि वाटीत ओल्या कुंकवाच्या लाल अक्षता. त्या सरळ उंबरा ओलांडून आत गेल्या. मोठी कात्री जरा बाजूला सरकवली आणि मधल्या जागेत आपली ठेवली.

“हर्षदा, तुझं आण,” त्या म्हणाल्या.

मी लॅपटॉप आणला. झाकण घट्ट लावून आणला आणि त्या कात्रीच्या शेजारी ठेवला. आत्यांनी चिमूटभर अक्षता उचलल्या.

“अगं, कुंकू हाय ते,” मामा म्हणाले. “लोकांच्या कपड्यांवर पडंल.”

“पडू दे,” आत्या म्हणाल्या.